तिसरी खाच

४ फेब्रुवारी

दादा,

तुझा पत्ता मला मालट्रकवाल्या काकांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. मी त्यांना तीन वेळा थाप मारली, ती त्यांनी तिन्ही वेळा ओळखली. चौथ्यांदा खरं सांगितलं, तेव्हा खिशातून कागद काढला. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र, आणि तेही पोचपावतीचं. ते नको म्हणायचं तर पोस्टमनशी वाद घालावा लागेल, आणि तू वाद घालणाऱ्यातला नाहीस. तेवढ्याच भरवशावर लिहिते आहे.

आई बरी आहे. तू गेलास तेव्हा हाताला पट्टी होती, आता नाही. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे, मधली तीन बोटं नाहीत, आणि तिला त्याची सवय झाली आहे. घरातलं सगळं करते. माझं पदवीचं प्रमाणपत्र आलं, ते भिंतीवर लावायला खिळासुद्धा तिनंच ठोकला. मी सध्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. आई शेजारी सांगते, "ती कागदपत्रांचं बघते."

तू का गेलास ते विचारत नाही. पाच महिने मनातल्या मनात विचारून झालंय, तुझ्या वतीनं उत्तरंही मीच दिली आहेत, आणि त्यातली काही चांगली नव्हती. आज काम वेगळं आहे.

आपण भरपाईचा दावा लावला आहे. पहिला अर्ज मी चार पानी लिहिला होता. कामगार कार्यालयाच्या फाटकाशी एक काका टाइपरायटर घेऊन बसतात, सगळे त्यांना अर्जवाले काका म्हणतात. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "पोरी, यात 'न्याय' अकरा वेळा आलाय. अपघाताची तारीख एकदाही नाही." मग त्यांनी सगळं एका पानात बसवलं. मला वाईट वाटलं, पण तारीख हवीच होती.

आता कंपनीचं उत्तर आलंय. लिहितात : "कामगार महिलेने काम जलद व्हावे म्हणून सुरक्षा-पट्ट्यांची खाच स्वतः बदलली. सबब अपघातास ती स्वतः जबाबदार आहे." हे टिकलं तर आईला काहीच मिळणार नाही. वर आयुष्यभर ऐकावं लागेल की बाईनं आपल्या हातानं हात घालवला. सुनावणी बावीस मार्चला आहे.

मला जे समजलं ते खाली लिहिते. तू त्या प्रेसचा सेटर होतास, चुकत असेल तर दुरुस्त कर. बाई पत्र्याचा तुकडा हातानं आत ठेवते, वरचा ठोकळा खाली येतो, बिजागरीची भोकं पडतात. बाईच्या मनगटांना पट्टे असतात, पट्ट्यांना तारा. ठोकळा खाली यायला लागला की तारा हात मागे ओढतात. तार किती सैल ठेवायची ते वरच्या दांड्यावरच्या खाचा ठरवतात. ज्या बाईचे हात लहान, तिची तार जरा सैल, म्हणजे पुढची खाच. ज्या बाईचे हात लांब, तिची तार आखूड. पाळी बदलली, बाई बदलली, की सेटरनं खाच बदलायची. बरोबर?

कंपनी म्हणते, अपघातानंतर तार पाचव्या खाचेत होती. आईचे हात तर एवढे लांब की कामावर तिला शिडी म्हणतात. तिची खाच पाचवी असेल असं मला वाटत नाही. तिला विचारलं तर म्हणते, "आठवत नाही." ज्या बाईला शेजारणीनं तीन वर्षांपूर्वी नेलेली चाळणी आठवते, तिला ही खाच आठवत नाही.

म्हणून तुला विचारते. आईची खाच कितवी होती? एक आकडा लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
मास्तरीण

२१ फेब्रुवारी

दादा,

आकडा आला नाही. पोचपावतीही आली नाही. ट्रकवाले काका म्हणतात, तुमच्या गोदामाचा पोस्टमन आठवड्यातून एकदाच येतो. तू गोदामात खोकी उचलतोस हेही त्यांनीच सांगितलं. सेटरचं हत्यार हातात घेत नाही म्हणे.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. आज दुरुस्त करते, कारण त्या खोट्यानं आपलं नुकसान झालंय.

आई घरातलं सगळं करत नाही. वरच्या फळीवरचे डबे आम्ही खाली आणले आहेत. दोन कप फुटले, तिसरा मी फोडला असं ती शेजारी सांगते. खिळा तिनं ठोकला हे खरं, पण त्याला अर्धा तास लागला, आणि प्रमाणपत्र तिरकं आहे. मी ते सरळ केलेलं नाही.

नुकसान कसं झालं ते आता ऐक. भरपाई किती, हे डॉक्टरच्या टक्क्यांवर ठरतं. तपासणीची तारीख आली तशी मी आईला सराव करायला लावला. मला वाटलं, माणसानं खचून जाऊ नये. रोज सकाळी नाणं उचलणं, बटण लावणं, दोरीला गाठ मारणं. महिनाभर. मी समोर बसून "शाबास" म्हणायचे. हे सगळं मी कुठल्यातरी पुस्तकात वाचलं होतं आणि मला फार पटलं होतं.

डॉक्टरांनी टेबलावर नाणं ठेवलं. म्हणाले, "उचलता येतं का बघा." आईनं अंगठा आणि करंगळीत धरून उचललं आणि वर उडवून डाव्या हातात झेललं. डॉक्टर म्हणाले, "वा." तिथंच मी तिला थांबवायला हवं होतं. पण मला अभिमान वाटत होता.

मग बटण. तिनं स्वतःचं लावलं, काढलं, परत लावलं. आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमच्या कोटाचं वरचं बटण लोंबतंय. सुई असली तर लावून देते." नर्सनं सुई आणली. आईनं दोरा दातात धरला, कोट मांडीवर घेतला, आणि बटण लावून दिलं. पक्कं. डॉक्टरांनी ओढून बघितलं.

जिना उतरताना मला म्हणते, "पास झाले ना गं?"

डॉक्टरांनी लिहिलं : हाताचा वापर समाधानकारक. कामक्षमतेत घट, पंधरा टक्के.

अर्जवाल्या काकांनी तो कागद वाचून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "तुम्हा लोकांना तपासणीला पाठवायचं म्हणजे कठीण आहे. परीक्षा समजून जाता."

खरंच आहे. आपल्या घरात कुणी काही विचारलं की ते करून दाखवायचं, एवढंच आपल्याला येतं. नाणं उचलणं निराळं आणि तासाला चारशे पत्रे त्या ठोकळ्याखाली सरळ ठेवणं निराळं, हे घरातल्या एकुलत्या एका पदवीधर बाईला कळायला हवं होतं. ते पंधरा टक्के माझे आहेत. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, पास झाली.

तू निघून गेलास तेव्हा मला वाटायचं, चूक केली म्हणून घर सोडून जाणारा माणूस कसा असतो. काल मला दोन तास कुठेतरी निघून जावंसं वाटलं. कुठे जायचं ते सुचलं नाही, म्हणून दुकानात गेले.

आकडा पाठव.

मास्तरीण

७ मार्च

दादा,

आता आकडा नको. मिळाला.

कंपनीनं कागद दाखल केला आहे. सेटिंगच्या कार्डाची नक्कल. अपघाताचा गुरुवार, दुसरी पाळी, प्रेस नंबर नऊ, खाच तीन, सेटरची सही. त्यांचं म्हणणं, सेटरनं खाच तिसरीच लावली होती, नंतर बाईनं ती पाचवी केली. बाई उंच आहे, हात दांड्यापर्यंत पोचतो.

सही तुझी आहे. मला लांबूनही ओळखू आली असती, कारण ती मीच तुला करून दिली होती. तू हेल्परचा सेटर झालास त्या रविवारी, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. तू म्हणालास, "नुसतं नाव काय लिहायचं, साहेबासारखं काहीतरी दे." मी पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक मोठा गोल काढला, फुग्यासारखा. तू पानभर फुगे काढलेस. आई म्हणाली, "हा सही करतोय की जत्रा भरवतोय?"

काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी ती नक्कल मशीनवर दुप्पट मोठी केली. त्यांनी फक्त गुरुवारचा चौकोन दाखवलाय, वरचं-खालचं झाकून. पण तुझा गोल कधी चौकोनात बसतो का? गुरुवारच्या चौकोनाच्या तळाशी, खालच्या रेघेतून, आणखी एका गोलाचं डोकं वर आलंय.

गुरुवारच्या खाली शुक्रवार असतो. शुक्रवारी सकाळी तू या गावात नव्हतास.

मी स्टुलावर बसले. तेवढ्यात एक जण आला, त्याला चाळीस प्रती हव्या होत्या, मी साठ काढून दिल्या.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर तो मोठा कागद ठेवला. तिनं बघितला आणि घडी घालत राहिली.

"मला माहीत आहे," म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सोमवारी बसून आठवड्याच्या सह्या करायचा तो. सगळ्यांना माहीत होतं. घड्याळानंच सांगितलं होतं तसं."

घड्याळ म्हणजे तुमचा सुपरवायझर. नाव तूच ठेवलंयस असं ती म्हणाली. पूर्वी दोन पाळ्यांच्या मध्ये दहा मिनिटं मशीन बंद असायचं, सेटर फिरून सगळ्यांचे पट्टे बघायचा. घड्याळानं ती दहा मिनिटं काढून टाकली. चौदा प्रेस, सेटर एक, आणि कार्ड तर भरलेलं पाहिजे.

मग तिनं त्या दिवसाचं सांगितलं. मला पहिल्यांदाच. पहिल्या पाळीला त्या प्रेसवर चिमणी मावशी होती, ती लहानखुरी, तिची खाच पाचवी. आई येऊन बसली. तू शेडच्या दुसऱ्या टोकाला डाय, म्हणजे भोकं पाडायचा साचा, उतरवत होतास. तू लांबून हात केलास, "येतो." आईनंही हात केला, "ये सावकाश." तेवढ्यात घड्याळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, मशीन थंड पडलं." आईनं सुरू केलं. सातवा पत्रा.

"मग आठवत नाही असं का म्हणालीस?"

"त्याची सही आहे त्यावर. मी तोंड उघडलं की त्याच्या गळ्यात येणार."

"आई, तुझी तीन बोटं गेली."

"गेली ती गेली. त्याच्याविरुद्ध या घरातून कागद जायचा नाही. जाणार असेल तर तो दावा मागे घे. मी कुठेतरी भांडी घासेन."

"दीड हातानं?"

"पास झालेय मी," ती म्हणाली.

दादा, तेव्हा मी तिला पंधरा टक्क्यांचं सांगितलं. तिनं शेवटचा शर्ट घडी न घालता तसाच ठेवून दिला. तो तुझा होता. दर आठवड्याला धुते ती तो.

माझ्या पिशवीत एक अर्ज तयार आहे. अर्जवाल्या काकांनी टाइप केलाय, पाच ओळी : मूळ कार्ड पूर्ण हजर करावे. दिला तर कंपनीचं म्हणणं कोसळेल, आणि तू खोटी सही करणारा ठरशील. नाही दिला तर आई खोटी ठरेल. मला नेहमी वाटायचं, खरं काय ते एकदा टेबलावर ठेवलं की माणसाचं काम संपलं. त्या टेबलापलीकडे आपलंच माणूस बसलेलं असेल हे मी धरलं नव्हतं.

आधी मला तुझा राग आला. भयंकर. मग मी मोजून बघितलं. चौदा मशीन, दोन्ही हातांचे पट्टे, एकेका बाईला आत हात घालायला लावून बघायचं, आणि मध्ये एकही मिनिट नाही. तरी राग सगळा गेला नाही. थोडा ठेवलाय. तू इथं आलास की देईन.

मास्तरीण

१६ मार्च

दादा,

तिन्ही पत्रांच्या पोचपावत्या एकदम आल्या. म्हणजे तू सगळं वाचलंस.

पावतीवर तुझं नुसतं नाव आहे. सरळ, सुटं, शाळेतल्या मुलासारखं. गोल नाही. मी पावती उलटी करून बघितली, उजेडात धरून बघितली. तू सही बदललीस.

मी अर्ज फाडला. आईनं धमकी दिली म्हणून नाही, ती तर काय रोज काहीतरी देते. तो गोल मी दाखवला तर चोर पकडल्यासारखं होईल. तू दाखवलास तर ती साक्ष होईल. दोन्हींत कागद तोच, पण मला त्यातलं दुसरंच हवंय, आणि ते माझ्या हातात नाही. अर्जवाले काका म्हणाले, "तू वकील नाही झालीस ते बरं." मग म्हणाले, "का नाही झालीस पण?"

सुनावणी बावीसला, सकाळी अकरा, कामगार कार्यालय, दुसरा मजला, शेवटची खोली. आई आणि मी असू. तू आलास तर तुझ्यावर काय येईल ते मी काकांना विचारलं. ते म्हणाले, वरच्याच्या सांगण्यावरून केलं असेल तर फार काही नाही, पण सेटर म्हणून कुणी लवकर ठेवणार नाही. तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहिलं.

पुढचा एक शब्द मी तीनदा लिहून तीनदा खोडलाय. चौथ्यांदा राहू देते. ये.

मास्तरीण

२४ मार्च

दादा,

तू म्हणशील, मी तिथंच होतो, मला काय सांगतेस. पण तू अख्खा वेळ जमिनीकडे बघत होतास. तुला काहीही दिसलेलं नाही. म्हणून लिहिते.

तू दारात उभा राहिलास तेव्हा घड्याळ साक्ष देत होता. म्हणत होता की सेटिंग रोज नियमानं व्हायचं. तुला बघून त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. खरंच बघितलं. एवढ्या गंभीर जागी आईला हसू आलं आणि तिनं खोकल्यासारखं केलं.

अधिकारी बाईंना सर्दी झाली होती, त्या रुमालातून बोलत होत्या. त्यांनी विचारलं, "ही सही तुमची?" तू म्हणालास, "हो." "खाच तुम्ही लावली होती?" "नाही. सोमवारी आठवड्याच्या सह्या करून ठेवायचो. साहेबांनी सांगितलं होतं, पाळीला उशीर होतो म्हणून." तेव्हा त्यांनी रुमाल खाली ठेवला. हे तू बघितलं नाहीस.

कंपनीचा वकील म्हणाला, "म्हणजे तुम्ही खोटी सही केली, हे कबूल?" तू म्हणालास, "कबूल." मी पदवीपर्यंत शिकले, पण एवढ्या लहान शब्दाला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

मग तो म्हणाला, "कुणाची खाच कितवी, हे सहा महिन्यांनी तुम्हाला बरं आठवतं? की बहिणीनं पढवून आणलंय?"

आणि तू सुरू केलंस. एक नंबर, खाच चार. दोन नंबर, खाच चार, पण डाव्या हाताची साडेतीन, तिचा तो हात मोडून बसवलाय, तिथं मी पत्र्याची चकती घालायचो. तीन नंबर, खाच दोन. चौदाच्या चौदा. दोन्ही पाळ्या. तू जमिनीकडे बघून आकडे म्हणत होतास आणि इकडे आई ओठ हलवून एकेका बाईचं नाव घेत होती. ती एका ठिकाणी अडखळली, तू अडखळला नाहीस. नऊ नंबर, पहिली पाळी खाच पाच, दुसरी पाळी खाच तीन.

"पाच माझीच. बरोबर सांगतोय तो," मागून आवाज आला. चिमणी मावशी. ती आलेली आम्हालाही माहीत नव्हतं. दात दुखतोय म्हणून सुट्टी घेतली होती तिनं. बोलून झाल्यावर तिला आठवलं आणि तिनं गालाला हात लावला.

अधिकारी बाईंनी आई आणि मावशीला पुढे बोलावलं. म्हणाल्या, तळव्याला तळवा लावा. आईनं डावा लावला, मावशीनं उजवा. आईची बोटं पूर्ण एका पेरानं वर. मग बाईंनी तुला विचारलं, "खाच बरोबर लागली हे कसं बघतात?" तू म्हणालास, "हात मागे ओढला गेला की बोटाच्या टोकापासून डायपर्यंत चार बोटं अंतर राहिलं पाहिजे." आणि दाखवायला हात वर केलास. तेव्हा तू एकदाच वर बघितलंस, आईकडे, आणि हात खाली घेतलास. आईनं स्वतःचा डावा हात वर केला, चार बोटं जुळवून, आणि बाईंना म्हणाली, "एवढं."

बाईंनी मूळ कार्ड मागितलं, तर शोधतोय असं वकील म्हणाला. बाई म्हणाल्या, "मंगळवारी आणा. सापडलं नाही तर का सापडलं नाही, ते माझं मी लिहीन." डॉक्टरांचा कागद वाचून त्या म्हणाल्या, "पंधरा टक्के? या बाईंनी तिथं काय केलं?" मी कोटाच्या बटणाचं सांगितलं. त्यांनी परत रुमाल तोंडाला लावला, पण तो सर्दीसाठी नव्हता. दुसरी तपासणी, दुसऱ्या दवाखान्यात.

जिन्यावर तू आईला म्हणालास, "मी मशीनवर यायला हवं होतं." आई काय म्हणाली ते तू ऐकलंस, पण मी लिहून ठेवणार आहे. ती म्हणाली, "सावकाश ये म्हटलं होतं मी तुला. पण इतकं सावकाश नव्हे."

मग तुला बसची घाई झाली. अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, मला कळतं. तुझ्यासाठी राखून ठेवलेला राग द्यायला मी विसरले. आता शोधते तर सापडत नाही.

सहीतला गोल परत घाल. त्याचा काही दोष नव्हता.

मास्तरीण

१९ एप्रिल

दादा,

निकाल लागला. आधी तपासणीचं सांगते.

जायच्या आधी आईशी माझं भांडण झालं. ती म्हणाली, "म्हणजे आता मुद्दाम नापास व्हायचं?" मी म्हटलं, "मुद्दाम काही नाही. जे होतं ते दाखव, आणि जे होत नाही तेही दाखव." "होत नाही ते कशाला दाखवायचं? लोकांना काय, दिसतंच." ती नाणं पिशवीत टाकून निघाली होती. मी ते बसमध्ये काढून घेतलं.

या डॉक्टर बाईंनी नाणं मागितलंच नाही. त्यांनी विचारलं, "प्रेसवर नेमकं काय करत होता?" त्यांनी बिजागरीच्या पत्र्यांचा एक ढीग मागवून ठेवला होता. टेबलावर खडूनं एक चौकोन काढला आणि म्हणाल्या, "यात ठेवा, उचला, दुसरा ठेवा. तुमच्या नेहमीच्या वेगानं. एक मिनिट."

आईनं पहिला उचलला. नेहमीच्या सवयीनं, मधल्या बोटांनी. म्हणजे ती जिथं होती तिथून. पत्रा खाली पडला. मग अंगठा-करंगळीनं उचलला, तो फिरला. एका मिनिटात चार झाले, तेही तिरके. पूर्वी सहा-सात व्हायचे आणि रेघेत. मी खिडकीकडे बघत होते. शाबास म्हणायची सवय तोंडाशी आली होती, ती गिळली.

आई म्हणाली, "नाही होत."

दादा, हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती ते रडून नाही म्हणाली. पाव तासानं बाहेर आल्यावर म्हणाली, "बरं वाटलं बाई. सहा महिने करून दाखवून दाखवून दमले होते."

निकालात असं आहे : खाच बाईनं बदलली हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. मूळ कार्ड हजर झालं, त्यावर शुक्रवार आणि शनिवारच्याही सह्या आहेत, ज्या दिवशी सेटर हजरच नव्हता. तपासणी सेटरनं नाही, व्यवस्थापनानं टाळली. प्रेसचं काम ही बाई पुन्हा करू शकत नाही, भरपाई त्या हिशेबानं पूर्ण द्यावी. कंपनी वर अपील करेल असं अर्जवाले काका म्हणतात, पण निम्मी रक्कम आधी भरावी लागेल, आणि तेवढ्यात आई खालच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाईंबरोबर भागीदारीत बटणं-काजांचं काम घेणार आहे. डॉक्टरांचा कोट तिच्या डोक्यात बसलाय. निकालपत्रात 'न्याय' हा शब्द एकदाही नाही, मी मोजलं. काकांना दाखवलं तर म्हणाले, "बघ. आणि तारखा सगळ्या आहेत."

मला काकांनी शेजारी एक खुर्ची दिली आहे. दुकान सुटल्यावर दोन तास बसते. काल एक माणूस आला, पायाचं प्रकरण, कंपनीनं त्यालाही तेच लिहिलंय, स्वतः जबाबदार. मी आधी तारीख विचारली.

आणि चिमणी मावशी परवा सांगत आली. दोन पाळ्यांमधली दहा मिनिटं परत सुरू झाली. सरकारी तपासनीस येऊन गेला, तेव्हापासून पाळी बदलताना भोंगा वाजतो, मशीन थांबतात, आणि नवा सेटर फिरतो. पण तो पोरगेला आहे, अंदाजानं बांधतो. बायका म्हणतात, त्याला कुणीतरी शिकवायला पाहिजे.

खाली आईनं लिहिलंय. डाव्या हातानं, पहिल्यांदाच. एक तास लागला. मी हात धरला नाही, काही सुधारलं नाही, आणि यावेळी शाबासही म्हटलं नाही.

मास्तरीण

बाळा,
खोकी उचलणं सोड. ते कुणीपण करेल. पट्टे बांधायला नीट माणूस लागतो. तुझा शर्ट धुवून ठेवला आहे.
चार बोटं. विसरू नको.
आई